वीतभर लोखंड

चाक फुटायच्या आधी बोलतं, असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. वसमतजवळच्या हट्ट्यात आणि आसपासच्या खेड्यांत बैलगाडी करणारा सुतार कोण असं विचारलं की लोक आमच्या दारातल्या कडुलिंबाकडं बोट दाखवायचे. त्या लिंबाच्या सावलीत आबांचं सगळं काम चालायचं. एका बाजूला बाभळीचे ओंडके वाळत पडलेले, दुसऱ्या बाजूला झालेली आणि होत आलेली चाकं भिंतीला टेकून उभी. सकाळी मला जाग यायची ती वाकसाच्या आवाजानं. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आमचं हत्यार. ओल्या बाभळीवर त्याचा आवाज एक, वाळलेल्या बाभळीवर दुसरा. अंथरुणात पडल्या पडल्या मी ओळखायचो, आज आबांनी चाकाचा मधला तुंबा धरलाय का त्याचे आरे तासायला घेतलेत. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. गुरुजींनी एकदा दुसऱ्याच्या खोडीसाठी मला उठाबशा काढायला सांगितल्या, मी काढल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. मायनं रडून पाहिलं, आबांनी वाकसाचा दांडा उगारून पाहिला. नाही म्हणजे नाही. हे मी फुशारकीनंच सांगतो. त्या गोष्टीचा मला आजही पस्तावा नाही. जिचा आहे ती पुढं येईलच.

चाकावर लोखंडी धाव चढवायची असली की घरात सण असल्यासारखं व्हायचं. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडाची पट्टी. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईस्तोवर तापवायची, लांब सांडशीनं उचलून लाकडी चाकावर घालायची. लाकूड भडकायचं, आणि त्याच क्षणाला मायनं आणि आक्कानं भरून ठेवलेल्या घागरी त्यावर रिकाम्या करायच्या. वाफेनं लिंबाच्या खालच्या फांद्या दिसेनाशा व्हायच्या. लोखंड आकसायचं आणि चाकातला एकेक सांधा कुरकुरत आपल्या जागी बसायचा. जळक्या बाभळीचा वास मायच्या लुगड्याला दोन-दोन दिवस राहायचा. त्या दिवशी घरी हमखास येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि धपाटे. माय म्हणायची, "आज जाळापुढं बसलेत, आज जाळ प्यायला पाहिजे." आणि आमटी इतकी तिखट करायची की आबांच्या मिशीला घाम यायचा.

चाक निवलं की आबा सगळ्यांना गप करायचे. कुत्र्यालासुद्धा. वाकसाच्या माथ्यानं एकेका आऱ्यावर हळूच मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. टण्, टण्, टण्. ज्या आऱ्यात डोळ्याला न दिसणारी भेग असेल तो 'थप' बोलायचा. तो आरा निघालाच पाहिजे, मग चाक कितीबी देखणं असो. मला त्या 'टण्'मधला आणि 'थप'मधला फरक ओळखायला येत होता, पण आबांना अजून मधलेही चार आवाज ऐकू यायचे. ते मला कधी ऐकू आले नाहीत. मी तेवढा थांबलोच नाही.

गावच्या जत्रेत शंकरपट भरायचा, बैलजोड्यांची शर्यत. त्या दिवशी सकाळी पटात पळणारा प्रत्येक छकडा, शर्यतीची हलकी गाडी, आधी आमच्या लिंबाखाली यायचा. हा रिवाज कुणी पाडला ठाऊक नाही, आबांच्या बापाच्या वेळेपासून होता. आबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसायचे, आणि एकेक चाक वाजवायचे. मग दोनच गोष्टी. "जाऊ द्या," नाहीतर "हाकू नका." हाकू नका म्हणल्यावर तो छकडा माघारी. हुज्जत नाही. एकदा एका मोठ्या शेतकऱ्यानं चिडून विचारलं, "काहून पण सुतार? वरून तर चाक ठणठणीत दिसून राहिलं." आबा म्हणाले, "मला काय इचारता मालक, चाकाला इचारा." तो माणूस तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेला, पण छकड्याचे बैल सोडूनच गेला. आमच्या घरात शेत नव्हतं, पक्क्या भिंती नव्हत्या. आबांचा शब्द होता. तेवढ्यावर आम्हांला गावात कुणी खाली बघून बोलत नव्हतं.

मला मिसरूड फुटली तेव्हा मी वसमतला ट्रॉल्या जोडायच्या वेल्डिंगच्या दुकानात जायला लागलो. आबांना ते आवडलं नव्हतं. "लाकूड सोडून लोखंडाच्या नादी लागलं पोरगं," एवढंच म्हणायचे. मी म्हणायचो, बैलगाडी आता किती दिवसांची? ते उत्तर द्यायचे नाहीत, ओंडका फिरवून दुसरी बाजू तासायला घ्यायचे.

त्याच सुमाराला दाजींनी मोटरसायकल घेतली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा. सेनगावकडचे, बोलायला गोड, कपड्याला इस्त्री. गाडी जुनीच होती, पण काय गाडी होती! लाल टाकी, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, साडेतीनशेचं इंजिन. शहरातली पोरं तसल्या गाड्या शर्यतीला पळवायची. ती गावात शिरली की आधी कुत्री पळायची, मग पोरं पळायची, आणि मग दाजी दिसायचे. तिला एकच खोड होती. मागं वजन बसलं आणि दाजींनी हात जरा जास्त पिळला की पुढचं चाक जमीन सोडायचं, मेंढा टक्कर द्यायला उठतो तसं. जत्रेच्या आठ-दहा दिवस आधी आक्काला माहेराहून न्यायला आले तेव्हा वेशीतच तसं झालं. आक्का मागच्या मागं घसरली आणि कुणाच्या तरी बैलानं नुकत्याच टाकलेल्या शेणात जाऊन बसली. लागलं काही नाही. पण सगळ्या वेशीनं पाहिलं.

ती तशीच पायी परत घरी आली. माय लुगडं धूत होती आणि हसू दाबत होती.

"मी यष्टीनं जाईन," आक्का म्हणाली. "ह्या घोड्यावर पुन्यांदा बसायची न्हाई. त्यायला एकट्यालाच उधळू द्या."

"अवं पण लोक काय म्हनतील?" दाजी ओट्यावर बसून म्हणाले. "बायकू यष्टीत आन् मी मोटरसायकलवर?"

"लोक काय म्हनायचं ते वेशीतच म्हनले. तुमाला ऐकू आलं न्हाई, सायलेन्सर मोठा हाय ना तुमचा."

आबा ताटावर बसले होते. धपाटं मोडत ते खाली बघूनच म्हणाले, "जावईबापू, तुमची गाडी उलाळ हाय."

उलाळ हा बैलगाडीचा शब्द. वजन मागं जास्त झालं की गाडीचं जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास बसतो, ती उलाळ गाडी. आबा सांगायला लागले की ओझं हलवता येत नसेल तर कणा, चाकांचा आस, मागं घ्यावा लागतो. चाक मागं गेलं की गाडी पुढं टेकते. दाजींनी मान डोलावली आणि विसरले. मी विसरलो नाही. मला जेवण गोड लागलं नाही त्या दिवशी. मोटरसायकलचं मागलं चाक ज्यात बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो, दोन्ही अंगांनी चाक धरणारे ते लोखंडाचे दोन हात. ते दोन हात वीतभर लांब केले तर?

आता माझ्या नातवानं मोबाइलवर दाखवलं की असल्या पट्ट्या तयार मिळतात. कापायचं नाही, वेल्डिंगचा डाग द्यायचा नाही, नुसतं बोल्ट कसायचे, चिमटा लांब. चकचकीत, डब्यात घालून घरपोच. तो म्हणाला ही परदेशातली कल्पना आहे. आम्ही हट्ट्यात ती येसराच्या आमटीबरोबर काढली होती.

झिजून काढलेल्या जुन्या धावा लिंबामागं पडलेल्या असायच्या. त्यातली एक मी मागितली. आबा म्हणाले, "घे." कशाला ते विचारलं नाही. भट्टीत तापवून ती गोल पट्टी मी सरळ केली, जन्मभर वाकून राहिलेलं लोखंड ते, सरळ व्हायला कुरकुरत होतं. वसमतच्या दुकानात भोकं पाडली. एकेका बाजूला दोन-दोन पट्ट्या, मध्ये चिमट्याचा हात. जिथं आधी चाकाचा आस बसायचा तिथं एक जाड बोल्ट, त्याच्यापुढं चिमट्याला नवं भोक पाडून दुसरा, आणि पट्टीच्या मागल्या टोकाला खाच, तिच्यात चाक. चेन लांब करायला दुसऱ्या चेनच्या कड्या घातल्या, ब्रेकच्या सळईला तुकडा जोडला. प्रत्येक नटावर दुसरा नट आवळला. दुकानाचा मालक म्हणाला, गाडी पोटावर पसरलेल्या घोरपडीसारखी दिसते. मला ती फार देखणी दिसत होती.

घरी आणली तेव्हा आबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. बोटानं बोल्ट चाचपला.

"लाकडाला लाकूड जोडायचं तर खाच पाडून एकमेकात बसवतेत, पोरा. असं बाजूला बाजू लावून न्हाई. बोल्टावर किती भरोसा?"

"आबा, ह्ये लाकूड न्हाई."

"व्हय, ते दिसून राहिलं."

दाजींनी गावाबाहेर फिरवून पाहिली. एकट्यानं. परत आले तेव्हा दात दिसत होते. पुढचं चाक जागचं हललं नव्हतं. पण खरी परीक्षा मागं बसणारीची होती, आणि आक्का अडून बसली होती. शेवटी ती म्हणाली, "जत्रेदिवशी आबा सगळ्यांचे छकडे वाजवतेत. ही बी आना लिंबाखाली. आबा जाऊ द्या म्हनले तर बसंन. न्हाई तर यष्टी."

दाजी हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, आता गावापुढं कळेल.

जत्रेची ती सकाळ मला आजही वासासकट आठवते. बैलांच्या शिंगांना लावलेला लाल हिंगूळ, पायाखाली तुडवलेला लिंबोळ्यांचा चिखल, घरातून येणारा पुरण शिजल्याचा वास. लिंबाखाली छकड्यांची रांग. आबांनी दोन-तीन वाजवले, जाऊ द्या म्हणाले. मग दाजींनी मोटरसायकल ढकलत मध्ये आणली. माणसं हसायला लागली.

"सुतार, ह्या बैलाला शिंगं कुठं हायत?"

"दात मोजून वय बघा आधी!"

आबाही हसले. पण वाकस हातात घेतला तेव्हा हसणं गेलं. ते खाली बसले, धोतर सावरलं, सगळ्यांना गप केलं, आणि माझ्या पट्टीवर वाकसाच्या माथ्यानं हळूच मारलं.

थप.

दुसऱ्या बाजूला मारलं. थप. पुन्हा एकदा. थप. मला ते ऐकू आलं, सगळ्यांना आलं. आणि मला हेही कळत होतं की तो आवाज तसाच येणार. पट्टीवर पट्टी, मध्ये चिमटा, वरून ग्रीस, खाली रबराचं चाक. बोल्टानं आवळलेलं लोखंड कधी घंटेसारखं वाजत नाही. वसमतच्या दुकानात मी रोज ऐकत होतो. आबांनी उभ्या जन्मात लाकूडच ऐकलं होतं.

ते उठले. दाजींकडं न बघता म्हणाले, "हाकू नका, जावईबापू."

आक्का मायच्या शेजारी उभी होती, पदर खोचलेला, जायच्या तयारीनं. तिनं पाऊल मागं घेतलं. दाजींनी स्टँड लावायला पाय पुढं केला. तिथं संपलं असतं. आक्का यष्टीनं गेली असती, आणि मी चार दिवस तोंड फुगवून बसलो असतो.

"दाजी, हाका," मी म्हणालो. "आबायला लोखंडाचं काय कळतंय?"

हे शब्द मी हळू बोललो नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावेत असे बोललो. मग आक्काकडं वळून म्हणालो, "आक्का, बस तू. मी सांगून राहिलो."

आक्कानं आधी आबांकडं पाहिलं. ते वाकसाच्या दांड्यावरची धूळ पुसत होते. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडलेली ती. माझ्या डोळ्यांत काय दिसलं तिला कुणास ठाऊक. ती आली आणि बसली.

दाजी पटाच्या मैदानाच्या पार त्या टोकाला गेले आणि वळून आले. येताना तर असे आले की आक्काचा पदर आडवा झाला. पुढचं चाक जमिनीला चिकटलेलं. लिंबाखाली येऊन दाजींनी गाडी थांबवली, आणि आक्का उतरून हसायला लागली, लहान पोरीसारखी, थांबेचना. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी फेटा उडवला. कुणीतरी ओरडलं, "सुतार, लेकानं बापाचे कान कापले की हो!"

मी आबांकडं पाहिलं. खोटं कशाला लिहू, त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायलाच पाहिलं. ते म्हणाले, "बराबर हाय. चांगली चालली." आणि रांगेतल्या पुढच्या छकड्याकडं वळले.

तो छकडा किसनचा होता. किसन आमच्या आळीच्या मागं राहायचा, माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा, नवीन लग्न झालेलं, पटाचा नाद पक्का. त्याची जोडी त्या वर्षी पहिली येणार असं सगळे म्हणत होते. आबांनी उजवं चाक वाजवलं. डावं वाजवायला घेतलं. अर्ध्यावर थांबले. एकाच आऱ्यावर पुन्हा-पुन्हा मारलं. मला ते सगळे 'टण्'च ऐकू आले. आबांना मधला कुठलातरी आवाज ऐकू आला होता.

"किसना, हाकू नको. डाव्या चाकाचा आरा बोलून राहिला."

किसननं आधी आबांकडं पाहिलं, मग मोटरसायकलकडं, मग हसला. वाईट हसला नाही, लाडानं हसला.

"सुतारकाका, आज तुमच्या कानाला जत्रेचे ढोल लागले का काय? आत्ताच तर ती बी बोलली व्हती ना तुमच्याशी!"

सगळे हसले. मीही हसलो. आबा पुन्हा एकदा म्हणाले, "ऐक लेकरा." पण त्या 'ऐक'मध्ये आधीचा जोर नव्हता, आणि त्यांना तो आणताही आला नाही. किसननं कासरे हातात घेतले.

पटाच्या निम्म्यावर चाक फुटलं. आवाज मोठा आला नाही. छकडा डाव्या अंगाला बसला, बैल तसेच ओढत राहिले, आणि किसनचा पाय खाली सापडून मैदानभर घासत गेला. आबा अनवाणी पळाले. इतक्या वेगात पळताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. बैलांच्या वेसणीला लोंबकळून त्यांनी जोडी थांबवली. किसनला जीपमध्ये घालून वसमतला नेलं, आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बरोबर गेले. पाय राहिला, पण मांडीपासून वाकडा. किसन पुढं जन्मभर काठी घेऊन चालला. पटात त्याचे बैल दुसरेच हाकायचे, तो कडेला बसून शिव्या द्यायचा.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. आबा नाहीत, माय नाही, किसनची बायकोसुद्धा नाही. सगळे म्हणायचे, सुतारानं सांगितलं होतं, किसनानं ऐकलं नाही. बरोबरच आहे. मी कुठं किसनला हाक म्हणालो होतो? मी तर माझ्या गाडीबद्दल बोललो, आणि खरं तेच बोललो. पट्ट्या पक्क्याच होत्या. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, माझं लोखंड बराबर होतं. पण आबांच्या शब्दाला त्या सकाळपर्यंत कुणी हसलं नव्हतं. पहिला मी. किसन दुसरा. एवढंच. ज्याची चूक निघते त्याला माफी मागता येते. मी कशाची मागणार होतो?

आबांनी फुटकं चाक घरी आणलं. किसनसाठी नवं केलं, त्यानं सांगितलेलं नसताना. आक्का आणि दाजी तोवर इथंच होते. एका दुपारी मला राहवलं नाही. मी पाने घेतले आणि मोटरसायकलच्या पट्ट्या खोलायला बसलो. एक बाजू निघाली होती तेवढ्यात आबांची सावली पडली.

"काहून काढून राहिला?"

"नको वाटून राहिल्या."

"ढिल्या झाल्या?"

"न्हाई."

"मोडल्या?"

"न्हाई आबा."

ते खाली बसले. पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली. त्यांच्याच धावेचं लोखंड ते, त्यांनी एका कडेला घातलेला घाव अजून दिसत होता.

"मंग बसव. बराबर असलेलं काढत न्हाईत. तवा माझा कान चुकला. किसनाचा पाय काय ह्यानं सरळ व्हायचा न्हाई."

मला वाटत होतं त्यांनी एक थोबाडीत द्यावी. वाकसाचा दांडा पाठीत घालावा. शाळा सोडली तेव्हा उगारला होता तसा. त्यांनी दोन्ही हातांनी चाक उचलून धरलं, आणि मी पट्टी परत जागेवर लावून बोल्ट आवळले. त्यांच्या हाताला ग्रीस लागलं. लाकडाचा माणूस, ते कशानं निघतं हेही त्यांना माहीत नव्हतं. धोतराला पुसलं. ते डाग मायनं किती धुतले, गेले नाहीत.

पुढच्या जत्रेला छकडे पुन्हा लिंबाखाली आले, थोडे कमी. आबा ओट्यावर बसून राहिले. पहिला गाडीवान म्हणाला, "सुतारकाका, वाजवा की." आबांनी वाकस माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्याला इचारा. आता त्याचं चालतंय." टोमणा नव्हता. टोमणा मला ओळखता येतो. मी चाकापुढं बसलो, वाजवलं, टण् आलं. दुसरं वाजवलं, टण् आलं. मधले आवाज कुठं होते? मी वळून आबांकडं पाहिलं. ते रस्त्याकडं बघत होते. मी घाबरून म्हणालो, "हाकू नका." दुसऱ्यालाही म्हणालो, हाकू नका. तिसऱ्यालाही. ते सगळे हसत-हसत पटावर गेले आणि सुखरूप परत आले. त्याच्या पुढल्या साली लिंबाखाली कुणीच आलं नाही. माय सवयीनं अंगण सारवून बसली होती.

आबा जाऊन फार वर्षं झाली. किसनही गेला. जिवंत होता तोवर काठी टेकत गावातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानावरून जायचा, म्हणायचा, "काय रे सुतारा, च्या पाजतो का?" मी पाजायचो. तो बशीत ओतून फुंकत प्यायचा, बैलांचं बोलायचा, पायाचं कधी नाही. तो गेल्यावर मला चहा जातच नव्हता काही दिवस. आक्का म्हातारी झालीय, ती अजून सांगते की आयुष्यात तिला एवढी मजा कधीच आली नाही, पदर आडवा झाला होता. मी म्हणतो, व्हय. पुढचं ती सांगत नाही, मीही सांगत नाही.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण माझा नातू. नांदेडला शिकतो. शर्यतीला नेतात तसली वाकून बसायची गाडी आहे त्याच्याकडं, आणि तिच्या चिमट्याला त्यानं मोबाइलवरून मागवलेल्या त्या चकचकीत पट्ट्या लावल्या. काल सकाळी, आमच्याच अंगणात, माझ्याच पान्यांनी. लिंब आता नाही, पत्र्याची शेड आहे. धरणाकडं, सिद्धेश्वरला, त्याचे मित्र आपापल्या गाड्या घेऊन जमले होते, तो येईल म्हणून. हात पुसून तो माझ्या बाजेपाशी आला. तोही मला आबाच म्हणतो.

"आबा, पप्पा म्हनत होते आपल्या घरात गाडी वाजवून सांगायचे, हाकायची का न्हाई. बघा ना एकदा."

मला वाटलं म्हाताऱ्याची गंमत करून राहिला. पण त्यानं माळ्यावरून आबांचा वाकस काढून आणला होता. मी गुडघे धरत खाली बसलो. माझ्या हातानं का होईना, अंगणात पुन्हा तो आवाज झाला. पट्टीवर मारलं. थप. दुसऱ्या बाजूला मारलं. पोरगं गप उभं होतं, श्वास रोखून. इतक्या मनापासून माझं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

मी म्हणालो, "हाकू नको."

मला वाटलं हसेल. विचारेल, काहून. म्हणेल, आबा तुम्हांला अ‍ॅल्युमिनियमचं काय कळतंय. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, "बरं." आणि खिशातून चावी काढून माझ्या उशाशी ठेवली. मित्राचा फोन आला. मी बाजेवरूनच ऐकत होतो. तिकडून काहीतरी चिडवत असावेत. हा म्हणाला, "न्हाई रे, आबा न्हाई म्हनले." परत तिकडून काही आलं. "म्हनले ना न्हाई. मंग न्हाई." आणि आत जाऊन आजीला चहा टाक म्हणाला.

चावी अजून उशाशी आहे. पोरगं सकाळच्या यष्टीनं नांदेडला गेलं, दप्तर मांडीवर घेऊन. गाडी शेडमध्ये उभी आहे. हाक म्हणून सांगायला पाहिजे होतं मी त्याला, पण माझ्या 'हाकू नको'ला कुणी मान देतं का ते एकदा बघायचं होतं. जन्मभर बोल्टानं आवळलेलं लोखंड ऐकलंय, तेवढा कान मला आहे. पट्ट्या बराबर होत्या, हे मला पहिल्याच ठोक्याला कळलं होतं.